दारावरचं फडकं

किल्ली हातात होती, भाजीची पिशवी दंडाला काचत होती, आणि दारावर फडकं होतं. जिन्याची शेवटची पायरी चढून ती वर आली आणि तिथंच थबकली. आधी वाटलं, जिना पुसणाऱ्या बाईनं वाळत घातलं असेल. तिला सांगून सांगून ती थकली होती, की बाई गं, लोकांच्या दाराच्या कड्या म्हणजे तुझी दांडी नव्हे. पण फडकं कोरडं होतं. जुन्या चादरीचा फाडलेला तुकडा, पिळून कडीतून ओवलेला, आणि खाली आडवी दुहेरी गाठ. वाऱ्यानं सुटणार नाही, पण गारठलेल्या बोटांनाही सोडता येईल अशी गाठ. या अख्ख्या शहरात ती गाठ दोनच माणसांना येत होती. एक ती, दुसरे बाबा. फडक्याचा अर्थ मात्र नवऱ्यालाही पाठ होता, कारण लग्नापासून तो तेच ऐकत आला होता: घर रिकामं आहे, आत कोणी नाही, इथं वेळ घालवू नका, पुढे जा.  तिचा संताप उसळून आला. म्हातारा पुन्हा तेच करतोय. पुन्हा दारावर फडकं आणि पुन्हा स्वतः आत, मूग गिळून.

तिनं किल्ली कुलपात घातली नाही. बसू दे, म्हणाली ती मनात. बस म्हणावं आत, किती वेळ बसतोस बघते. भाजीची पिशवी भिंतीला टेकवून ती वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या पायरीवर बसली. पर्स मांडीवर घेतली. आतमध्ये फोन थरथरला. ऑफिसातलंच कुणीतरी असणार, अभिनंदनासाठी. सभागृहातून निघाल्यापासून तेच चाललं होतं. तिनं पर्स उघडलीसुद्धा नाही.

कारण आज तिचा दिवस होता ना! सकाळपासून बैठक चालली होती. दूरदूरच्या बेटांवर काम करणारी माणसं आली होती, आणि पडद्यावर एकामागून एक तिचीच कामं दिसत होती: गावकऱ्यांनी जमिनीवर रंगीत खडूंनी काढलेला तिच्या माहेरच्या बेटाचा नकाशा, वादळात आसऱ्याला बांधलेली निवाऱ्याची पक्की इमारत, इशारा देणाऱ्या भोंग्याचा खांब, गुडघाभर चिखलात खारफुटीची रोपं लावणाऱ्या बाया, आणि सगळ्यात शेवटी फडकं. फडक्याचं चित्र आलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका सोपा उपाय, आणि तोही लोकांना स्वतःला सुचलेला, असं एक पाहुणे शेजारच्याला म्हणाले. गेल्या वर्षीच्या वादळावर पडद्यावर एकच ओळ होती. शंभर टक्के घरं वेळेत रिकामी, जीवितहानी एक स्वयंसेवक. तो एक स्वयंसेवक म्हणजे तिचा धाकटा भाऊ होता, पण एका ओळीत किती मावणार? मग कुणीतरी विचारलं, आता त्या बेटावर किती लोक राहतात? संस्थेच्या साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती उठली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "सध्या बेटावर कोणीही राहत नाही. सगळ्यांचं पुनर्वसन झालं आहे. भोंगासुद्धा आजच उतरवतोय, दुसऱ्या बेटाला देण्यासाठी." पुन्हा टाळ्या. रिकाम्या बेटालाही टाळ्या पडतात हे तिला आज कळलं. बैठकीआधी फोनचा आवाज तिनं बंद केला होता, तो चालू करायचा राहिलाच. येताना तिनं बाबांना आवडतात म्हणून कोवळ्या शेंगा घेतल्या, आणि घेताना स्वतःवरच चिडली, की आपण या माणसाशी धड बोलत नाही, मग शेंगा कुणासाठी घेतोय?

लोकांना स्वतःला सुचलेला! तिला हसू आलं, पण ते हसू कडूच होतं. तिच्या धंद्यातलं कसब तिच्या हाती चांगलं बसलं होतं. लोकांना काही सांगायचं नाही. त्यांच्याच तोंडून काढायचं. गोल करून बसवायचं, खडू द्यायचे, विचारत राहायचं. मागच्या वादळात वेळ कशात गेला? रिकाम्या घरांची दारं ठोठावण्यात. मग काय करता येईल? आणि गप्प राहायचं. कुणी भलतंच बोललं तर मान हलवून 'आणखी?' म्हणायचं. हव्या त्या उत्तरापर्यंत लोक आपोआप येतात, आणि आले की ते त्यांचं होतं. फडकं तिला सुचलं होतं ते बेटाकडे जाणाऱ्या बोटीत. कॉलेजच्या वसतिगृहात न्हाणीघराच्या दारावर टॉवेल टाकायची पद्धत होती; टॉवेल असला की आत कोणी आहे. तिनं ते उलटं केलं. निघताना गॅस बंद, मेन स्विच बंद, पाण्याचा कॉक बंद, कागदांची थैली खांद्याला, आणि दाराला फडकं. ज्यानं बांधलं त्यानंच परत आल्यावर सोडायचं. आदल्या रात्री जेवताना तिनं हे बाबांना आणि धाकट्याला सांगून ठेवलं. बाबांनी घास तसाच हातात धरून ऐकलं. "म्हणजे उद्या मी बोलायचं?" "तुम्ही बोललात तर लोक ऐकतील बाबा." "आणि तू काय करणार?" "मी म्हणणार, वा, किती छान कल्पना!" धाकट्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते असं काही सांगितलं की ऐकत राहावं. मधेच थांबले, कपाळाला हात लावला, आठवल्यासारखं केलं. नाटकात शोभले असते. ती म्हणाली, वा, किती छान कल्पना, आणि धाकटा मागे भिंतीकडे तोंड करून खांदे हलेपर्यंत हसला. त्यानंतर बाबांचा फोटो छापून आला, खाली लिहिलेलं, फडक्याची पद्धत शोधणारे ज्येष्ठ ग्रामस्थ. त्यांनी तो भिंतीवर लावला. काही महिन्यांतच त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला की ते आपल्यालाच सुचलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या पोरीची संस्था ठीक आहे हो, पण डोकं इथलं."

डोकं इथलं. हे डोकं आयुष्यभर काय करत होतं ते तिला माहीत नव्हतं का! बेटाच्या खुल्या समुद्राच्या बाजूला वाळूचा लांबच लांब उंचवटा होता. लहानपणी त्याच्यापलीकडचा समुद्र घरातून दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. तो उंचवटा टोपली टोपली करून बोटींत भरला गेला आणि शहराकडे आला, आणि त्या कामावर मुकादम होते बाबा. शिट्टी गळ्यात, डोक्याला टापशी, बायकांवर ओरडायला पुढे. वाळू संपत आली तसा आधी समुद्र दिसायला लागला, मग विहिरीचं पाणी मचूळ झालं. नकाशा काढायच्या दिवशी धोक्याच्या जागांवर लाल खडूनं खुणा करायच्या होत्या. त्या बाजूला कोणी खडू टेकवला नाही. त्या वाळूवर सगळ्यांच्याच चुली पेटल्या होत्या. तिच्या कॉलेजची फीसुद्धा त्यातूनच गेली होती, म्हणून तीही 'आणखी?' म्हणाली नाही. तिनं तिकडे खारफुटी लावायचं काम काढलं. वाळूच्या जागी खारफुटी कुठली धरते? मेली निम्म्याच्या वर. खाडीच्या बाजूची तेवढी जगली. ही पायरी, जिच्यावर ती आत्ता बसली होती, तिच्यात कुठली वाळू असेल कोण जाणे. तिनं पायरीवरून हात फिरवला आणि झटकला.

समोरच्या काकूंनी दार उघडून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला आणि त्या दचकल्या. "अगं बाई, इथं काय बसलीस? किल्ली विसरलीस का?" "नाही काकू. जरा दम खातेय." "खा हो. जिने तरी केवढे उंच करून ठेवलेत मेल्यांनी." मग दाराकडे पाहत म्हणाल्या, "बाबा झोपलेत वाटतं. आज टीव्हीचा आवाज नाही. एरवी माझ्या घरात बसून मला त्यांच्याच बातम्या ऐकाव्या लागतात." ती कसनुसं हसली. काकूंनी दार लावून घेतलं. टीव्ही बंद. म्हणजे सगळी तयारी करून बसलाय. आवाज नको, चाहूल नको, घर अगदी रिकामं दिसलं पाहिजे. पर्स पुन्हा थरथरली आणि थांबली, पुन्हा थरथरली. साहेबांना आता आभाराचं भाषण हवं असेल. तिनं पर्स बाजूला पायरीवर सरकवली.

गेल्या वर्षी वादळ आलं तेव्हा ती इथं शहरात होती, ऑफिसातल्या टेबलापाशी, दोन्ही कानांना फोन लावून. तिकडे भोंगा वाजला, आणि वाजवणारा धाकटाच होता. लोक निघाले, फडकी लागली. धाकटा आणि त्याचे साथीदार गल्ल्यांतून धावत होते: फडकं आहे, पुढे, फडकं नाही, ठोठाव. बाबांच्या दारालाही फडकं होतं. पुढे. निवाऱ्यात सगळे जमल्यावर धाकट्यानं माणसं मोजली आणि मग त्याचा फोन आला. मागे लहान पोरं रडत होती, वारा असा की शब्द तुटत होते. "ताई, बाबा नाहीत गं इथं." तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "दारावर फडकं होतं ना?" "होतं. म्हणूनच तर पुढे आलो." "मग नीट बघ, असतील तिथंच कुठेतरी. आणि हे बघ, फडकं असेल तिथं परत जायचं नाही. नियम आहे." तो हसला. त्या वाऱ्यात, त्या गोंधळात तो हसला हे तिला अजून ऐकू येतं. "नियम तुझा आहे गं, पण बाप आपला आहे." आणि फोन बंद झाला. पुढचं तिला साथीदारांनी सांगितलं. तो घरापर्यंत गेला. दार बंद होतं, फडकं तसंच होतं. त्यानं हाका मारल्या, दारावर थापा मारल्या. साथीदार गल्लीच्या तोंडाशी उभे होते, त्यांनाही हाका ऐकू येत होत्या. आतून काही नाही. मग तो म्हणाला, म्हातारा बोटींकडे गेला असणार, बोटी बांधायला, मी बघून येतो. आणि तो धक्क्याकडे पळाला, आणि पाणी तिकडूनच आलं. बाबा दुसऱ्या दिवशी माळ्यावर सापडले, छताच्या वाशाला मिठी मारून, अंगावर ओरखडासुद्धा नाही. धाकटा नंतर सापडला, खाडीच्या बाजूला, खारफुटीत. तेवढीच जगली होती ना.

बाबांना ती इथं घेऊन आली. नवऱ्यानंच आग्रह केला होता. त्याचं आणि बाबांचं पहिल्यापासून गूळपीठ. संध्याकाळी तो ऑफिसातून आला की बेल वाजवायचा आणि बाबा दार उघडायचे. तेव्हापासून त्यानं किल्ली न्यायचंच सोडलं होतं. "घरात हक्काचा द्वारपाल असताना किल्ली कशाला?" मग दोघं पत्ते घेऊन बसायचे. बाबा पत्त्यांत उघड उघड लबाडी करायचे आणि नवरा हरायचा. ती स्वयंपाकघरातून बघायची. हा माणूस लबाडी करू शकतो, पत्ते लपवू शकतो, बातम्या मोठ्यानं लावू शकतो, पण मुलाच्या हाकेला ओ देऊ शकत नाही? तिनं एकदाच विचारलं होतं, इथं आल्यावर थोड्याच दिवसांनी, चहा देताना. सरळ विचारलं. "बाबा, त्याच्या हाका ऐकू आल्या होत्या का तुम्हाला?" बाबांनी कप तोंडाला लावला, एक घोट घेतला. "साखर कमी आहे," म्हणाले. तिनं साखरेचा डबा त्यांच्यासमोर आदळला. त्या दिवसापासून घरात दोघांचं बोलणं कामापुरतं: जेवायला चला, औषध घ्या, पंखा बंद करा. फडकं का बांधलं, तेही मग विचारलं नाही. उत्तर तिला ठाऊकच होतं. हट्ट! जन्माचा हट्टी माणूस. मुकादमाला गावाबरोबर रांगेनं निवाऱ्यात जायचं कमीपणाचं वाटलं असणार; पोरांनी हाताला धरून न्यावं हेही नको. मग सोपं! फडकं बांधा, मागच्या दारानं आत या, कडी लावा. माझं फडकं, मी काय वाटेल ते करीन. आणि या हट्टापायी पोरगा गेला.

आज सकाळी ती बूट घालत असताना बाबा दाढी करून, स्वच्छ सदरा घालून समोर येऊन उभे राहिले. ती बोटवाल्याशी फोनवर बोलत होती. दोन बोटी जाणार होत्या, एकीत माणसं आणि दुसरीत उतरवलेला खांब, भोंगा, तारा. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "भोंगा काढणार?" "हो." "आजच?" "आजच. दुसऱ्या बेटाला पाहिजे." "आणि आपल्या बेटावर कुणी असलं तर?" "कुणी नाही तिथं बाबा." "असलं तर, म्हणतो मी." तिचा एक बूट पायात जात नव्हता, उशीर होत होता, तिनं वर बघितलंच नाही. "कोण मरायला राहतंय तिथं आता?"  बाबा म्हणाले, "तुझा बूट उलट्या पायात चाललाय." आणि तसाच चालला होता.

पायरीवर बसल्या बसल्या ते आठवलं आणि तिचा हात आपोआप बुटाकडे गेला. दाढी. स्वच्छ सदरा. बाबा दाढी रोज संध्याकाळी करायचे, नवरा यायच्या आधी. आज सकाळी का केली? ती उठली. भाजीची पिशवी तिथंच राहिली. किल्ली लावताना फडकं हाताला घासत होतं. दार उघडलं. आत अंधारून आलं होतं आणि शांत होतं. फ्रिजची घरघरसुद्धा नव्हती. तिनं दिव्याचं बटण दाबलं, लागला नाही. "बाबा?" तिनं त्यांची खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, वेड्यासारखं पलंगाखालीही पाहिलं. कोणी नव्हतं. चपला नव्हत्या. मेन स्विच खाली ओढलेला होता. गॅसची टाकी बंद. पाण्याचा कॉक फिरवून घट्ट. खुंटीवरची कागदांची थैली नव्हती. अंथरुणाची घडी. ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. गेल्या वेळी फडकं खोटं होतं. या वेळी बाबांनी सगळं तिनं शिकवलं होतं तसं, काना-मात्रा न बदलता केलं होतं, आणि ती बाहेर बसून राहिली होती.

पर्स पायरीवरच होती. ती धावत जाऊन घेऊन आली आणि दार लोटलं. कुलूप आपलं आपण लागलं. फोनवर बोटवाल्याचे कितीतरी कॉल पडले होते. अभिनंदनाचा एकही नव्हता. तिनं उलटा फोन लावला. "ताई! अहो किती फोन केले तुम्हाला! तुमचे बाबा दुसऱ्या कुठल्या होडीनं पोचले ना?" "कुठे पोचले?" "म्हणजे? सकाळी आमच्या बोटीनं आले की. म्हणाले, तुम्हीच पाठवलंय, भोंगा उतरवताना माहितगार माणूस हवा म्हणून. चांगली मदत केली हो त्यांनी, पोरांना नट-बोल्ट कुठले ते दाखवलं. निघायच्या वेळी दिसेनात. मी निवाऱ्याकडे गेलो बघायला, तर दाराला फडकं. म्हटलं, निघाले म्हणजे. मागच्या बोटीत बसले असतील. मागच्या बोटीला वाटलं आमच्यात बसलेत. तरी मनात पाल चुकचुकली म्हणून तुम्हाला फोन लावत होतो. बेटाच्या धक्क्यावर थांबलो होतो तुमच्या फोनसाठी, आत्ता आत्तापर्यंत." "तुम्ही दार ठोठावलं नाही?"  बोटवाला अगदी साधेपणानं म्हणाला, "फडकं होतं ना ताई. तुम्हीच शिकवलंय, फडकं असेल तिथं वेळ घालवायचा नाही."

"बोट वळवा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता वळवा." "कशी वळवू? वारा फिरलाय. लाटा वर यायला लागल्यात, आणि खांबाचं वजन आहे. किनारा गाठला म्हणजे मिळवली. रात्रीतून समुद्र खवळणार आहे, सकाळी बघू." तिच्या तोंडून नको तेच निघालं. "आणि भोंगा?" "भोंगा आहे की इथं, माझ्या पायाशी. व्यवस्थित बांधलाय, काळजी करू नका."

तिनं साहेबांना फोन लावला. मागे चमच्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. "साहेब, बेटावर एक माणूस आहे." "कोण?" "माझे वडील." साहेबांनी तोंडातला घास गिळला असावा. "पण दुपारी तुम्हीच म्हणालात की..." "हो. मीच म्हणाले." "बंदरावर कळवतो. पण त्यांच्याकडे बेट रिकामं म्हणून लागलंय, ते विचारणार, आणायचं कुणाला? आणि या हवेत ते बोट सोडतील असं नाही वाटत. सकाळी उजाडलं की बघू. निवारा पक्का आहे आपला, घाबरू नका." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि एक करा. पाहुणे अजून इथंच आहेत. आजच्या दिवस हे आपल्यातच राहू द्या." बरं, म्हणाली ती. बरं म्हणायची सवय लागली होती.

ती जमिनीवर बसली, दाराकडे तोंड करून. मेन स्विच वर करायला हवा होता, उठवेना. निवारा पक्का आहे. पण निवाऱ्यातलं पाणी कधीच काढून टाकलंय, बॅटऱ्या काढल्यात, खालच्या खिडक्यांची तावदानंही दुसरीकडे नेलीत. सगळं तिच्याच सहीनं. म्हातारा तिथं अंधारात बसला असेल, थैली मांडीवर घेऊन, दाराला आतून कडी लावून. कशासाठी गेला? मरायला? की 'असलं तर' म्हणाला होता ते खरं करून दाखवायला? की नुसता पोराजवळ? तिला काही कळेना. भीती मात्र सगळीकडून येत होती, आणि भीतीच्या खाली राग अजून तसाच होता.

जिन्यात पावलं वाजली. नवऱ्याची, दोन दोन पायऱ्या गाळत चढणारी. दाराशी येऊन थांबली. बेलचं बटण दाबल्याचं खट्ट झालं, पण बेल वाजली नाही. वीज होती कुठे? पुन्हा खट्ट. मग काही क्षण काहीच नाही. फडकं दिसलं असणार. "अगं? आहेस का घरात? बाबा?" त्यानं दारावर थाप मारली. ती उठायला लागली, आणि गुडघ्यावर हात ठेवून तशीच थांबली. दार उघडलं की सांगावं लागणार. सांगितलं की हा क्षणभर थांबायचा नाही. ती त्याला ओळखत होती. असाच खाली उतरेल, बंदरावर जाईल, कुणापुढे तरी गयावया करेल, शिव्या देईल, आणि कोणी नाही म्हणालं तर स्वतः एखादी होडी सोडेल. बाबांसाठी तो समुद्रात जाईल, या वाऱ्यात, पोहायलासुद्धा येत नसताना. नको. सकाळपर्यंत नको. आत कोणी नाही असं वाटू दे. वाटेल, बाहेर गेलीत दोघं, जाईल कोपऱ्यावर चहा प्यायला, कोरड्या जमिनीवर राहील. मग सांगेन. "आहेस का गं?" थाप. मांडीवर फोन उजळला, त्याचं नाव चमकत राहिलं, आवाज न करता. तिनं तो उलटा करून जमिनीवर ठेवला. एक शब्द पुरला असता. आहे. एवढाच. तिनं तोंडावर हात दाबून धरला, श्वासही बाहेर जाऊ नये म्हणून. आणि तसा हात दाबलेला असतानाच तिला कळलं, की आपण जसे बसलोय तसंच, अगदी असंच, कुणीतरी माळ्यावर बसलं होतं, खाली पोरगा हाका मारत असताना. जाऊ दे त्याला निवाऱ्यात. माझ्यापायी वेळ नको घालवायला. फडकं आहे, समजेल त्याला.

बाहेर समोरचं दार उघडलं. काकूंचा आवाज. "काय रे, कोणी उघडत नाही?" "निघून गेलेत वाटतं काकू. फडकं बांधलंय, म्हणजे बाबाच. आज बेटावरचा भोंगा आणणार होते, बोट यायची वेळ झालीय. दोघं बंदरावरच गेली असणार. ती फोनही उचलेना. मी बघून येतो." आणि पावलं उतरू लागली, दोन दोन पायऱ्या गाळत.

ती उठली. अंधारात खुर्चीला अडखळली, हातानं भिंत चाचपत गेली, कुलपाची कळ एकदा उलटी फिरवली, मग सुलटी. दार उघडून ती ओरडली, इतक्या मोठ्यानं की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. जिन्यात घाईत त्याचा पाय लागून भाजीची पिशवी आडवी होऊन शेंगा खालपर्यंत सांडल्या होत्या. खाली स्कूटर सुरू झाली, फाटकाशी एकदा हॉर्न वाजला आणि आवाज रस्त्याला लागला. तिनं फोन लावला. तो वाजत राहिला. स्कूटरवर असताना तो कधीच उचलत नसे. कठड्याला धरून ती उभी होती आणि काकू आपल्या उंबऱ्यावरून तिच्याकडे, उघड्या दाराकडे, कडीला लोंबणाऱ्या फडक्याकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"अगं, तू आत होतीस?" काकू म्हणाल्या. "केवढ्या हाका मारल्या त्यानं! ऐकू आल्या नाहीत का तुला?"